बदलावी, बदला, बदलली : जुन्या शिडाच्या नौका आणि विम्याची भाषा

ब्रिटन आणि अमेरिका या देशांत हौसेने शिडाची नौका बाळगणारे लोक पुष्कळ आहेत. अशी नौका वीस-पंचवीस वर्षांची झाली, की विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनी मालकाकडे बहुधा एक मागणी करते : नौका पाण्याबाहेर काढून तज्ज्ञ सर्व्हेअरकडून तिची पाहणी करवून घ्यावी आणि अहवाल सादर करावा. अहवाल पोहोचला म्हणजे त्यातील सुधारणांची यादी मालकाकडे परत येते आणि अमुक मुदतीत त्या पूर्ण करण्यास त्यास कळविले जाते. यादीतील कामे वरवर पाहता निव्वळ यांत्रिक स्वरूपाची असतात : तारा, तोट्या, रबरी नळ्या, विजेची जोडणी. तथापि या व्यवहाराचे भवितव्य शेवटी ज्यावर अवलंबून असते ती वस्तू पोलादाची अथवा पितळेची नसून शब्दांची असते. एकच वाक्य तीन हातांतून प्रवास करते. प्रत्येक हाती त्याचे रूप पालटते आणि रूपाबरोबर बळही पालटते. हा पालट ज्याच्या ध्यानी येत नाही, तो मालक नौकेबरोबर नुकसानभरपाईलाही मुकण्याचा संभव असतो. या स्थित्यंतराचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. कवच आणि अवयव

लाकडी नौकेचे वार्धक्य डोळ्यांना दिसते. फळ्यांचे सांधे उघडतात, लाकूड कुजते, पाणी झिरपू लागते, आणि जिची निगा राखली गेली नाही अशी नौका काही वर्षांत मोडीत निघते. १९५० नंतरच्या दशकात काचतंतू व राळ यांच्या संयोगातून साच्यावर नौका ओतण्याची पद्धत रूढ झाली आणि ही स्थिती बदलली. १९५९ साली न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनात मांडण्यात आलेली ‘पिअर्सन ट्रायटन’ ही सुमारे २८ फुटी नौका या नव्या पद्धतीच्या आरंभकाळातील एक प्रसिद्ध उदाहरण होय. काचतंतूचे कवच कुजत नाही. त्यामुळे १९६० ते १९८० या काळात बांधलेल्या असंख्य नौका आजही पाण्यावर आहेत. परंतु कवच टिकले म्हणून कवचास जोडलेले अवयव टिकतात असे नव्हे. जुन्या नौकेसंबंधी विमा कंपनीस वाटणाऱ्या चिंतेचे मूळ या विषमतेत आहे.

डोलकाठीचे उदाहरण घ्यावे. ती ताठ उभी राहते ती चारी बाजूंनी ताणलेल्या पोलादी तारांमुळे. या तारा जेथे नौकेच्या अंगास बांधलेल्या असतात, तेथे बिनगंजी पोलादाच्या पट्ट्या डेकमधून आत गेलेल्या असतात. या पोलादास ‘बिनगंजी’ म्हणतात खरे. पण त्याचे गंजापासून रक्षण करणारा पृष्ठभागावरील पातळ थर टिकून राहण्यास प्राणवायू लागतो. डेकच्या जाडीत, ओलसर आणि हवाबंद जागी, तो थर नष्ट होतो आणि पट्टी आतल्या आत झिजते. वर दिसणारा भाग मात्र चकचकीत राहतो. म्हणून तारा दहा ते पंधरा वर्षांनी बदलाव्यात आणि पट्ट्या बाहेर काढून तपासाव्यात, अशी अपेक्षा सामान्यतः व्यक्त केली जाते.

पाण्याखालच्या तोट्यांची गोष्ट अशीच आहे. यंत्र थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेणे, सांडपाणी बाहेर सोडणे, यांसाठी नौकेच्या तळाला भोके पाडून तोट्या बसविलेल्या असतात. त्या साध्या पितळेच्या असतील, तर खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे उरते ते सच्छिद्र, ठिसूळ, गुलाबी छटेचे तांबे. आकार जसाच्या तसा असतो, बळ गेलेले असते. अशी तोटी एके दिवशी हातात तुटून येते आणि नौका बंदरात बांधलेली असतानाही बुडू शकते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याचे तोंड बाहेर समुद्राकडे उघडणारे असावे आणि रबरी नळी तिच्यावर छापलेली तारीख पाहून बदलावी लागते. विजेच्या जुन्या जोडणीत मागाहून भर घालीत गेलेल्या तारा, बॅटरीजवळ फ्यूज नसणे, मुदत संपलेले अग्निशामक हे यादीतील नेहमीचे विषय होत. अमेरिकेत २० एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार, पुन्हा न भरता येणारा अग्निशामक त्याच्या निर्मितीपासून बारा वर्षांनी बाद ठरतो.

या यादीस केवळ कारकुनी सोपस्कार समजणे धोक्याचे आहे. मे २०१४ मध्ये अटलांटिक महासागर ओलांडून ब्रिटनकडे परतणाऱ्या ‘चीकी रफीकी’ या नौकेचा तळकणा निखळला, ती उलटली आणि तिच्यावरील चारही जण प्राणास मुकले. ती नौका २००६ साली बांधलेली, म्हणजे फार जुनीही नव्हती. पूर्वी तिचा तळ जमिनीस लागल्याचे प्रसंग आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांमुळे तळकण्याजवळची रचना दुबळी झाली असण्याची शक्यता ब्रिटिश सागरी अपघात अन्वेषण शाखेने आपल्या अहवालात नोंदविली. बाहेरून न दिसणारा दोष शोधणे, हे पाहणीचे खरे प्रयोजन आहे.

२. एका वाक्याची तीन रूपे

सर्व्हेअर आपल्या अहवालात निरीक्षणे लिहितो आणि शेवटी सूचना देतो. ब्रिटन-अमेरिकेतील अनेक अहवालांत या सूचना तीन वर्गांत मांडलेल्या असतात : नौका पुन्हा पाण्यात सोडण्यापूर्वी करावयाची कामे, लवकर करावयाची कामे, आणि सोयीने करावयाची कामे. सर्व्हेअरचे वाक्य शिफारशीच्या रूपात असते. मराठीत ते असे होईल : ‘डाव्या बाजूची तोटी बदलावी.’ सर्व्हेअर हा मालकाने नेमलेला सल्लागार असतो. आज्ञा करण्याचा अधिकार त्यास नाही. त्याचे वाक्य विध्यर्थी आहे.

हा अहवाल विमा कंपनीकडे जातो. कंपनी त्यातील सूचना उचलते आणि विमा चालू राहण्याची अट म्हणून मालकास कळविते : ‘साठ दिवसांच्या आत तोटी बदला.’ शब्द जवळजवळ तेच. क्रियापदाचा अर्थ मात्र आज्ञार्थी झाला. सर्व्हेअरने ज्यास सल्ला म्हटले होते ते आता कराराचे अंग बनले. कित्येकदा तर कंपनी निराळी यादी करीतच नाही. ‘अहवालातील सर्व शिफारशींची पूर्तता करावी’ एवढ्या एका वाक्याने तिन्ही वर्गांतील सूचना, अगदी सोयीने करावयाच्या कामांसह, अटींच्या पंक्तीला जाऊन बसतात.

तिसऱ्या टप्प्यावर मालकाकडून एक लेखी निवेदन मागितले जाते. त्यात त्याने असे लिहून द्यावयाचे असते : ‘तोटी बदलली.’ येथे वाक्य भूतकाळी निश्चयार्थात आले. आता तो सल्ला नाही, आज्ञाही नाही. ते वस्तुस्थितीचे कथन आहे आणि म्हणून ते खरे किंवा खोटे ठरू शकते. काम अर्धवट असताना, ‘पुढल्या महिन्यात होईलच’ अशा भरवशावर या निवेदनावर सही करणारा मालक विम्याच्या करारात असत्य विधान करीत असतो. सागरी विमा हा परम सद्भावनेवर आधारलेला करार मानला गेलेला आहे. त्यात असत्य विधानाची किंमत मोठी असते.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन केले, की बोलणे हे केवळ कथन नसून कृती असते, आणि त्या कृतीचे बळ शब्दांइतकेच ते कोण, कोणास, कोणत्या अधिकाराने उच्चारतो यावर ठरते. पाहणी-अहवालाचा हा प्रवास या सिद्धान्ताचे नेमके उदाहरण आहे. तोटी तीच, कामही तेच. परंतु ‘बदलावी’, ‘बदला’ आणि ‘बदलली’ या तीन कृती परस्परांहून भिन्न आहेत.

अहवालाचा आणखी एक परिणाम आहे. तो सहसा ध्यानात येत नाही. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यानुसार, ठराविक मुदतीसाठी उतरविलेल्या विम्यात नौका समुद्रयोग्य असल्याची हमी गृहीत धरली जात नाही. हौशी नौकांचे विमे बहुधा वर्षाच्या मुदतीचे असतात. परंतु विमेदाराच्या जाणतेपणी नौका अयोग्य स्थितीत समुद्रात पाठविली गेली, तर त्या अयोग्यतेमुळे झालेल्या नुकसानीस विमा कंपनी जबाबदार राहत नाही. जाणतेपणात जाणूनबुजून केलेली डोळेझाकही मोडते. २००१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘स्टार सी’ जहाजाच्या प्रकरणात हे तत्त्व विशद केले. अहवाल हाती पडेपर्यंत मालक अज्ञानी असतो. तो हाती पडला की तो जाणता होतो. न उघडलेला लिफाफा त्याला पुन्हा अज्ञानी करू शकत नाही.

३. ‘वॉरंटी’ या शब्दाचा इतिहास

या सर्व अटींच्या मुळाशी जो शब्द आहे तो ‘वॉरंटी’. घड्याळ किंवा पंखा विकत घेताना मिळणारी ‘दोन वर्षांची वॉरंटी’ मराठी वाचकास परिचित आहे. तीत विकणारा वचन देतो आणि घेणारा ते स्वीकारतो. सागरी विम्यात दिशा उलटी आहे : वचन विमेदार देतो आणि ते विमा कंपनी स्वीकारते.

या वचनाची कठोरता १७८६ च्या एका इंग्रजी खटल्यात प्रकट झाली. ‘जूनो’ नावाचे जहाज पन्नास किंवा अधिक खलाशांनिशी लिव्हरपूलहून निघाले असल्याची हमी विमापत्रात होती. प्रत्यक्षात ते शेहेचाळीस खलाशांनिशी निघाले आणि काही तासांतच वेल्सच्या किनाऱ्यावरील बोमॅरिस येथे आणखी सहा खलाशी त्याने घेतले. जहाज शत्रूच्या हाती पडले ते बऱ्याच काळाने, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. खलाशांच्या तात्पुरत्या उणिवेचा आणि जहाज गमावण्याचा काहीएक संबंध नव्हता. तरीही लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्या न्यायालयाने विमा देणाऱ्यांस मुक्त ठरविले. हमी तंतोतंत पाळली गेली पाहिजे. ती महत्त्वाची होती की नव्हती हा प्रश्न उपस्थित होत नाही. १९०६ च्या कायद्याने हे तत्त्व शब्दबद्ध केले, आणि हमीभंगानंतर चूक सुधारली तरी ती सबब चालत नाही असेही सांगितले.

ही कठोरता आजच्या मालकास लावून पाहावी. अग्निशामकाची तपासणी करण्याची मुदत टळली. पुढे नौका खडकावर चढली. आगीचा प्रश्नच नव्हता. तरीही भरपाई नाकारली जाईल काय ? हा प्रश्न काल्पनिक नाही. २०१९ साली अमेरिकेत फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेलजवळ एक नौका तळाला लागून बिघडली. अग्निशामक सामग्रीची तपासणी व प्रमाणन वेळेवर झाले नव्हते, हे एक कारण पुढे करून विमा कंपनीने दावा फेटाळला. अपघात आगीचा नव्हता ही गोष्ट वादातीत होती. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी निकाल लागला. मात्र त्या न्यायालयापुढील प्रश्न मर्यादित होता : विमापत्रात कोणत्या राज्याचा कायदा लागू होईल असे लिहिले असल्यास ते कलम बंधनकारक मानावे काय ? सामान्यतः मानावे, असे न्यायालयाने एकमताने ठरविले. यातून मालकाने घ्यावयाचा बोध असा, की अटीचे बळ अटीच्या वाक्यातच सामावलेले असते असे नाही. विमापत्राच्या दुसऱ्याच पानावरील, कायदा कोणता हे सांगणाऱ्या एका ओळीतही ते दडलेले असू शकते.

ब्रिटनने हा जुना नियम बदलला आहे. १२ ऑगस्ट २०१६ पासून अमलात आलेल्या २०१५ च्या विमा कायद्यानुसार, हमीभंग झाला तर विमा कायमचा संपत नाही. भंग चालू असेतो संरक्षण स्थगित राहते आणि चूक सुधारल्यावर ते पुन्हा सुरू होते. शिवाय विशिष्ट प्रकारची हानी टाळण्यासाठी घातलेली अट मोडली, पण प्रत्यक्ष घडलेल्या हानीचा धोका त्यामुळे वाढण्याचा संभव नव्हता असे विमेदाराने दाखविले, तर त्या अटीच्या आधारे कंपनीस भरपाई नाकारता येत नाही. ‘जूनो’चा खटला या कायद्याखाली चालता तर निकाल निराळा लागण्याचा पुष्कळ संभव होता. भारतात मात्र १९६३ चा सागरी विमा अधिनियम १९०६ च्या इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर झालेला असून त्याच्या ३५ व्या व ३६ व्या कलमांत जुनी कठोरता कायम आहे. गंमत अशी, की भारताच्याच १९३० च्या मालविक्री अधिनियमात ‘वॉरंटी’ म्हणजे मुख्य करारास आनुषंगिक असे दुय्यम वचन होय. ते मोडल्यास केवळ नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. म्हणजे एकाच देशाच्या दोन कायद्यांत एकच शब्द एके ठिकाणी सर्वांत सौम्य आणि दुसऱ्या ठिकाणी सर्वांत कठोर अर्थाने नांदतो.

४. व्याख्येने लपविलेले आयुष्य

शब्दांचे बळ केवळ अटींतच नव्हे, तर तांत्रिक व्याख्यांतही दिसते. तळावरील तोट्यांसंबंधीच्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात ‘गंजरोधक’ या शब्दाची व्याख्या अशी करण्यात आली, की पाच वर्षांच्या वापरात ज्याची घट्टता, बळ किंवा कार्य यांस बाधा आणणारा दोष उत्पन्न होत नाही ते साहित्य गंजरोधक होय. सामान्य मनुष्य ‘गंजरोधक’ हा शब्द वाचून जन्मभराची निश्चिंती मानतो. मानकाच्या भाषेत ती पाच वर्षांचीच होती. या व्याख्येत बसणाऱ्या साध्या पितळेच्या तोट्या कित्येक नव्या नौकांवर बसविल्या गेल्या. ती नौका पंचवीस वर्षांची झाल्यावर सर्व्हेअर तोटीवर हातोडीने टकटक करून आवाज ऐकतो, तेव्हा तो त्या व्याख्येची मुदत केव्हाच उलटून गेल्याचे तपासीत असतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. तेथे १९५४ साली स्थापन झालेली ‘अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल’ ही संस्था नौकांच्या विद्युत्, गॅस इत्यादी व्यवस्थांची मानके प्रसिद्ध करते. ही मानके ऐच्छिक आहेत; सरकारी कायद्याचा दर्जा त्यांस नाही. सर्व्हेअर आपल्या अहवालात त्यांचा हवाला देतो, विमा कंपनी अहवालाचा हवाला देते, आणि ऐच्छिक नियम मालकाच्या दारी पोहोचेतो बंधनकारक होऊन बसतो. या साखळीत कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकजण मागच्याचे वाक्य उद्धृत करतो इतकेच.

५. मराठी क्रियापदाची अडचण

ही साखळी मराठीत उतरवू पाहणाऱ्यास एक विशेष अडचण जाणवते. मराठी व्याकरणकारांनी विध्यर्थाचे कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा असे अनेक अर्थ सांगितले आहेत. ‘मुलांनी आईवडिलांची आज्ञा पाळावी’ यात कर्तव्य आहे. ‘आता पाऊस थांबावा’ यात इच्छा अथवा शक्यता आहे. ‘तोटी बदलावी’ या वाक्यात सल्ला आहे की बंधन, हे क्रियापदाच्या रूपावरून कळत नाही. आपल्या सरकारी पत्रव्यवहारात तर ‘माहिती त्वरित सादर करावी’ ही नम्र शब्दांतील आज्ञाच असते, हे प्रत्येक कारकून जाणतो. म्हणजे सर्व्हेअरचे आणि विमा कंपनीचे अशी दोन्ही वाक्ये मराठीत एकाच रूपात येऊ शकतात. आणि इंग्रजीत निदान दोन निराळ्या सहायक क्रियापदांनी सूचित होणारा भेद येथे नाहीसा होतो.

‘शिफारस’ हा शब्दही निःसंदिग्ध नाही. तो फारसी ‘सिफारिश’पासून आलेला असून त्या भाषेत त्यास शिफारशीप्रमाणेच मागणी नोंदविणे, हुकूम देणे असाही अर्थ आहे. मराठीत त्यास वजनदार मनुष्याने टाकलेल्या शब्दाची छटा आहे. अशी शिफारस वरकरणी विनंती असते, परंतु ती अव्हेरणे सोपे नसते. विम्याच्या व्यवहारातील शिफारशीचे वर्णन या छटेइतके यथार्थ दुसऱ्या कोणत्या शब्दाने क्वचितच होईल. तथापि करारात छटेवर विसंबता येत नाही. म्हणून मराठीत अशी कागदपत्रे करताना सल्ल्यासाठी ‘बदलणे इष्ट’, बंधनासाठी ‘बदलणे बंधनकारक, न बदलल्यास संरक्षण स्थगित’, आणि पूर्ततेसाठी ‘अमुक दिनांकास बदलली’ अशी तीन सुस्पष्ट रूपे ठरवून वापरणे हितावह आहे. ‘हमी’ हा शब्द विक्रेत्याच्या वचनासाठी राखून विमेदाराच्या वचनासाठी ‘अट’ अथवा ‘शर्त’ योजली, तर १९३० आणि १९६३ च्या कायद्यांतील गोंधळ निदान मराठीत तरी शिरणार नाही.

६. समारोप

जुन्या नौकेच्या मालकाने सुधारणांच्या यादीतील प्रत्येक वाक्यास चार प्रश्न विचारावेत : हे कोण म्हणतो, कोणत्या मुदतीत म्हणतो, न केल्यास काय गमवावे लागते, आणि हा वाद कोणत्या देशाच्या कायद्याने सुटेल. या प्रश्नांची उत्तरे त्याने विमा कंपनीकडून लेखी मागावीत, आणि ज्या सूचनेशी तो सहमत नसेल तिच्याविषयीही लेखीच लिहावे. सर्व्हेअरशी बोलून एखादी सूचना खालच्या वर्गात घालता येते. सही झालेले निवेदन मागे घेता येत नाही.

विमा कंपन्यांवरही एक दायित्व येते. ज्या सुधारणांवर माणसांचे प्राण अवलंबून आहेत त्या आणि ज्या केवळ सोयीच्या आहेत त्या, अशा दोहोंस एकाच वाक्याने बांधले तर मालकाचे लक्ष विखुरते, आणि तुटण्याच्या बेतात आलेली तोटी व फिकट झालेला रंग यांस यादीत सारखेच स्थान मिळते. यादीचा मूळ हेतू नौका बुडू नये हा आहे. तो हेतू साधावयाचा तर प्रत्येक वाक्याने आपले बळ किती हे स्वतःच सांगितले पाहिजे. ते भरपाईच्या दाव्याच्या दिवशी प्रथमच कळून उपयोगाचे नाही.